सेमिनरी, संसार आणि ‘तुला नाही कळणार’

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी 27 वर्षांची आहे, लग्नाला दीड वर्ष झालंय आणि ती एका प्रोटेस्टंट सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या संस्थेत, एम. डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. नवरा नोकरी करतो. तिच्या शिक्षणासाठी दोघं कॅम्पसवरच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. सकाळी चॅपेलमध्ये उपासना, मग वर्ग, रात्री ग्रीक, रविवारी नेमून दिलेल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा. मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटावर लेक्चर झालं, त्या रात्री तिला नवऱ्याबरोबर रोजची प्रार्थना करता आली नाही. त्याने विचारलं, “तुझा विश्वास डळमळतोय का?” ती म्हणाली, “तुला नाही कळणार.” तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं होतं. आता तिच्यापुढे दोन पर्याय आहेत: शिक्षण दोन वर्षं थांबवायचं, किंवा तिने वसतिगृहात आणि नवऱ्याने दुसरीकडे राहून पदवी पुरी करायची.

मी नवा करार आणि ग्रीक शिकवते, आणि विवाहित विद्यार्थ्यांचं मार्गदर्शनही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. म्हणून मोकळेपणाने सांगते. तुम्ही प्रश्न वेळेचा म्हणून मांडलाय, पण तुमच्या पत्रात सगळ्यात जड वाक्य वेळेचं नाही. ‘तुला नाही कळणार’ हे ते वाक्य आहे. शिक्षण थांबवलंत तरी ते वाक्य घरात राहील, आणि वेगळे राहिलात तर ते खरं ठरत जाईल. त्यामुळे दोन्ही पर्याय सध्या बाजूला ठेवा, असं मी म्हणेन.

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकते. घरात मारहाण, धमक्या किंवा पाळत असेल, तर पुढचं काहीही तुम्हाला लागू नाही. तिथे आधी सुरक्षितता पाहायची. दोघांपैकी कुणाला नैराश्याचा आजार असेल, तर डॉक्टर आधी, वेळापत्रक नंतर. तुमचा संप्रदाय स्त्रियांना पाळकपदाची (पास्टरची) दीक्षा देतो की नाही, यानेही फरक पडतो. पुढे पाळक म्हणून नेमणूक ठरलेली असेल तर नवऱ्याला निदान आपण कशासाठी सोसतोय ते दिसतं. ते दार बंद असेल तर ‘या सगळ्याचं पुढे काय’ हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला स्पष्ट उत्तर द्यायला हवं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. दोन भली माणसं थकली आहेत आणि एकमेकांना बिचकायला लागली आहेत, एवढंच मला दिसतं. ते धरून पुढे लिहिते.

सेमिनरी ही संस्थाच मुळात लग्न न झालेल्या मुलांसाठी घडली. रोमन कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी असा ठराव केला, तेव्हा डोळ्यांसमोर होती ती बारा वर्षांपासूनची मुलं: एकत्र राहणारी, एकत्र प्रार्थना करणारी, पुढे ब्रह्मचर्य पाळणारी. ऑर्थोडॉक्स परंपरेत विवाहित पुरुष पाळक होऊ शकतो, मात्र लग्न दीक्षेआधी झालेलं लागतं. प्रोटेस्टंटांनी तर पाळकाचं लग्न उघडपणे स्वीकारलं. मार्टिन ल्यूथरने 1525 मध्ये काटरिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केलं आणि विटेनबर्गच्या जुन्या मठातच त्यांचा संसार थाटला. त्या घरात विद्यार्थी राहायला असत आणि तो सगळा पसारा काटरिना चालवायची. म्हणजे विवाहित पाळक आमच्याकडे पाचशे वर्षांपासून आहे, पण सेमिनरीचा दिवस अजूनही घरी कुणीच वाट पाहत नाही अशा धाटणीने आखलेला असतो. पहाटेची उपासना, संध्याकाळचे प्रार्थनागट, शनिवारी सेवाकार्य, रविवारी मंडळी. त्यात तुम्ही विद्यार्थिनी आहात. जोडीदारांसाठी जे काही कार्यक्रम असतात ते बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या पत्नींसाठी असतात. तुमचा नवरा तिथे जाऊन बसणार कुठे? ही तुमची कसर नाही आणि त्याचीही नाही. व्यवस्था तुमच्या घराचा विचार करून बनलेली नाही, हे दोघांनी एकदा एकमेकांसमोर बोलून घेतलंत तर निम्मा राग योग्य जागी जाईल.

आता मुख्य गोष्ट. सेमिनरीत माहिती मिळते ती मिळतेच, पण त्याहून जास्त माणूस बदलतो. कायदा किंवा लेखापरीक्षण शिकणारी बाई रात्री घरी येते तेव्हा तिची प्रार्थना बदललेली नसते. तुमची बदलते. ज्या ग्रंथावर हात ठेवून तुम्ही दोघांनी लग्नाच्या शपथा घेतल्या असतील, त्याच ग्रंथाची हस्तलिखितं, स्रोत आणि पाठभेद तुम्ही दिवसभर तपासता. ही पडझड नाही. पण ती एकटीने सोसली की घरातल्या माणसाला पडझडच वाटते, कारण त्याला फक्त आवाज ऐकू येतो, काम दिसत नाही.

मार्कचंच घेऊ. त्या वर्गात काय झालं असेल ते मी सांगू शकते, कारण तो तास मीही घेते. मार्कच्या सोळाव्या अध्यायात स्त्रिया कबरेपाशी जातात, आत एक तरुण बसलेला असतो, तो सांगतो की येशू उठला आहे, इथे नाही. आठव्या ओवीत, म्हणजे वचनात, त्या थरथरत पळून जातात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातली दोन थोर हस्तलिखितं, सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस, इथेच थांबतात. नवव्यापासून विसाव्यापर्यंतच्या ओव्या बहुतेक अभ्यासकांच्या मते नंतर जोडल्या गेल्या. वर्गात हे ऐकताना काही जण भराभर लिहून घेतात आणि काही जणांचा पेन थांबतो. तुमचा थांबला असणार. मग मनात पुढचे प्रश्न आपोआप येतात: या ओव्या नंतरच्या, तर अजून काय काय नंतरचं? आणि लहानपणापासून पाठ असलेल्या ओव्या मी आता कोणत्या तोंडाने म्हणायच्या?

त्या रात्री नवऱ्याला नेमकं काय मिळालं? त्याला प्रश्न मिळाला नाही, पुरावा मिळाला नाही, तुम्ही दिवसभर काय ऐकलंत तेही मिळालं नाही. त्याला मिळाली फक्त तुमची शांतता. माणूस शांततेचा अर्थ लावतो, आणि बहुतेक वेळा तो वाईटच लावतो.

म्हणून माझा पहिला सल्ला असा. सुट्टीच्या एखाद्या संध्याकाळी दोघांनी बसून मार्क पहिल्या अध्यायापासून मोठ्याने वाचा, आळीपाळीने. दीड-दोन तासांत पुरा होतो. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला थांबा. तिथे बऱ्याच छापील बायबलांत कंस किंवा तळटीप असते, ती त्यालाच वाचू द्या. मग वर्गात काय सांगितलं ते सांगा, साध्या शब्दांत, हस्तलिखितांच्या नावांसकट. आणि पुढचंही सांगा, जे त्या धक्क्यात तुमच्याही कानावरून गेलं असेल: पुनरुत्थानाची घोषणा आठव्या ओवीच्या आधीच, सहाव्या ओवीत, झालेली आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांस, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इसवी सन 53 ते 55 मधलं, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कच्याही आधीचं. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल साक्षीदारांची यादी देतो आणि आपल्याला ही गोष्ट आधीच्यांकडून मिळाली असं म्हणतो. मंडळीचा विश्वास या बारा ओव्यांवर उभा नव्हता. हे मी तुमचं समाधान करण्यासाठी म्हणत नाही. हे त्याच अभ्यासातून निघतं, फक्त ते पुढच्या लेक्चरात येतं आणि धक्का आधीच्या लेक्चरात बसतो.

हे करताना दोन पथ्यं पाळा. कच्चा प्रश्न रात्री अकरा वाजता घरी टाकू नका. आधी शिक्षकाकडे जा, एक-दोन दिवस त्यावर वाचा, मग घरी आणा. उत्तर मिळेपर्यंत लपवून ठेवा असं मी म्हणत नाहीये. “आज वर्गात एक गोष्ट ऐकली, तिने मी हलले आहे, दोन दिवसांनी तुला नीट सांगते,” एवढं त्याच रात्री सांगता येतं, आणि तेवढ्याने नवऱ्याची झोप उडत नाही. दुसरं पथ्य: त्याला वादातला प्रतिपक्ष बनवू नका. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नव्या शिकलेल्या हत्यारांची धार घरच्यांवर पाहतात, हे मी फार पाहिलं आहे. नवरा साधेपणाने म्हणतो, “मोशेने लिहिलंय ना,” आणि पत्नी पंचग्रंथाच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, चार स्रोतांची मांडणी सुरू करते. त्या संभाषणात जिंकून काहीही मिळत नाही.

त्याला कळेल का? तुमच्या मनातली खरी शंका हीच असावी. माझा अनुभव सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा यंत्रदुरुस्तीच्या कामात होता आणि पुस्तकांशी त्याचा फारसा संबंध नव्हता. तो रोज संध्याकाळी कपड्यांना इस्त्री करायचा आणि ती शेजारी बसायची. टेबलाच्या कडेला ग्रीक शब्दांची कार्डं ठेवलेली. तो एका हाताने कार्ड उचलून मराठी अर्थ वाचायचा, ती ग्रीक शब्द सांगायची, मग तो कार्ड उलटून अक्षरं जुळवून पाहायचा. चुकलं तर कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी, बरोबर आलं तर इस्त्री केलेल्या कपड्यांवर. आधी तो अक्षरांचे नुसते आकार ओळखायचा. सेमिस्टर संपेपर्यंत तो तिचे शेवटचे प्रत्यय पकडायला लागला: “तू ‘ओस’ म्हणालीस, इथे ‘ऊ’ आहे.” त्याला व्याकरण येत नव्हतं. पण ती दिवसभर काय करते, हे आता त्याच्यासाठी कोडं राहिलं नव्हतं. मंडळीत कुणी “तुझी बायको काय शिकते?” असं विचारलं की तो खांदे उडवत नसे; विषय सांगायचा, शिक्षकांची नावं सांगायचा.

आता वेळेकडे वळते, कारण तो प्रश्नही खोटा नाही. वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तासांचा अभ्यास, हा बहुतेक ठिकाणचा हिशोब असतो. आठवड्याला 15 तास वर्ग असतील तर 30 तास वाचन आणि लेखन, म्हणजे 45 तास झाले. वर चॅपेल आणि मंडळीतली सेवा. यात संसार बसवायचा तर काहीतरी कमी करावंच लागतं, आणि ते झोप किंवा नवरा यांतलं नसावं. आपल्या डीनना भेटून अभ्यासक्रम लांबवता येतो का ते विचारा. तीन वर्षांची पदवी चार वर्षांत करणारे विवाहित विद्यार्थी माझ्या मते शहाणे असतात. दोन वर्षं पूर्ण थांबणं आणि दर सेमिस्टरला एखादा विषय कमी घेणं यात फार फरक आहे. पूर्ण थांबलात तर ग्रीक विसराल, क्वार्टर जाईल, शिष्यवृत्ती कदाचित जाईल आणि परत येताना सगळं पुन्हा उभं करावं लागेल. विषय कमी घेतलात तर यातलं काही होत नाही. शिष्यवृत्ती पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाच मिळते का, एवढं मात्र आधी लेखी विचारून घ्या.

ग्रीकने तुमच्या रात्री खाल्ल्या आहेत, तर त्याविषयी थोडं सविस्तर. नव्या करारात वेगवेगळे शब्द साधारण 5,400 आहेत. हा आकडा ऐकून विद्यार्थी हबकतात. पण 50 किंवा त्याहून जास्त वेळा येणारे शब्द तीनशेच्या थोडेसे वर आहेत, आणि पानावरच्या दर पाच शब्दांपैकी सुमारे चार या यादीतले असतात. पहिल्या वर्षी ही यादी पक्की करायची आणि बाकीच्यासाठी कोश उघडायचा. ती पक्की होते रोज वीस-पंचवीस मिनिटांनी, शनिवारी रात्री पाच तास बसून नाही. क्रियापदांची रूपं तशीच: रोज एक तक्ता, हाताने लिहून. जे विद्यार्थी रात्री बारापर्यंत ग्रीक घेऊन बसतात ते बहुधा दिवसा टाळाटाळ करत असतात, कारण ग्रीकची भीती वाटते. वर्ग सुटल्यावर लगेच, क्वार्टरला परतण्याआधी, ग्रंथालयात बसून त्या दिवसाचा धडा उजळा. ही एक सवय लागली की संध्याकाळ मोकळी होते. दुसऱ्या वर्षी हिब्रू येईल, तीन अक्षरांच्या धातूंची भाषा. तिलाही हीच रीत चालते.

विसाव्याच्या दिवसाबद्दल मी ठाम आहे. सेमिनरीच्या विद्यार्थ्याचा रविवार हा कामाचा दिवस असतो. सकाळी मंडळीत वाचन किंवा उपदेश, मग मुलांचा वर्ग, मग कुणाच्या तरी घरी भेट. नवऱ्याला वाटतं आज तरी ती माझी, आणि तुम्ही त्या दिवशी सगळ्यांच्या असता. म्हणून दुसरा दिवस किंवा निदान एक अख्खी संध्याकाळ ठरवा, त्यात पुस्तक उघडायचं नाही आणि सेमिनरीचा विषयही काढायचा नाही. तुम्हाला हे स्वार्थी वाटेल. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात नवविवाहित पुरुषाला एक वर्ष लढाईवर पाठवू नये, त्याने घरी राहून आपल्या बायकोला आनंद द्यावा, असा नियम आहे. नियमशास्त्रालाच ही गरज इतकी खरी वाटली की तिच्यासाठी सैन्यातली जागा रिकामी ठेवली. तुमच्या बाबतीत बाई लढाईवर आहे आणि नवरा घरी, पण तत्त्व तेच.

मंडळीतल्या नेमणुकीबद्दल एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. तुम्ही पुढे उभ्या असता आणि नवरा बाकावर एकटा बसलेला असतो. लोक त्याच्याशी बोलतात ते तुमच्याबद्दल. दर रविवारी तिथे त्याने आलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. त्याला त्याची मंडळी असू दे, जिथे तो कुणाचा तरी नवरा म्हणून नाही तर स्वतःच्या नावाने ओळखला जातो, जिथे तो गायनात असेल किंवा तरुणांच्या गटात. महिन्यातून एखादा रविवार तो तुमच्याबरोबर येईल, एखाद्या सणाला तुम्ही त्याच्याबरोबर जाल. नवा करार अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोची नावं नेहमी जोडीनेच घेतो, त्यांनी अपुल्लो नावाच्या उपदेशकाला घरी नेऊन शिकवलं हेही प्रेषितांच्या कृत्यांत आहे. ते सुंदर आहे. पण प्रत्येक जोडप्याने पहिल्याच वर्षी ती जोडी व्हावं अशी अपेक्षा नवऱ्यावर लादणं अन्यायाचं आहे.

आता वेगळं राहण्याच्या पर्यायाकडे. नवऱ्याची नोकरी लांब असल्यामुळे काही जोडप्यांना दुसरा मार्गच नसतो आणि त्यांतली कित्येक नीट तरतात. त्यांना मी नाकारत नाही. पण तुम्ही वेगळं राहायचं म्हणताय ते अंतरामुळे नाही, अबोल्यामुळे. पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात नवरा-बायकोने एकमेकांपासून दूर राहण्याबद्दल बोलतो, आणि त्याच्या अटी तीन आहेत: दोघांच्या संमतीने, ठरावीक काळापुरतं, आणि नंतर पुन्हा एकत्र यायचं. तुमच्या बेतात संमती विचारलेली नाही आणि परत कधी यायचं तेही ठरलेलं नाही. जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाचंही असंच आहे. नेतृत्वाच्या तासाला तो हमखास शिकवला जातो: सासरा इथ्रो मोशेला सांगतो की सगळं काम एकट्याने करू नकोस, माणसं नेम. त्या अध्यायाची सुरुवात मात्र वाचायची राहून जाते. मोशेने आपली बायको सिप्पोरा हिला माहेरी पाठवलेलं असतं, आणि इथ्रो तिला आणि दोन्ही मुलांना घेऊन अरण्यात मोशेच्या तंबूपाशी येतो. कामाच्या वाटणीचा सल्ला त्यानंतरचा.

या संदर्भात मी विद्यार्थ्यांना इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीच्या घराबद्दल सांगते. कॅरी आपल्याला माहीत आहे: 1805 मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, 1811 मध्ये मराठी नवा करार आला, 1818 मध्ये सेरामपूर कॉलेज उभं राहिलं. त्याची पत्नी डोरोथी हिने भारतात यायला आधी नकार दिला होता. 1793 मध्ये जहाज लांबणीवर पडलं, पुन्हा विनवण्या झाल्या, आणि बहीण बरोबर येत असेल तर येते असं म्हणून ती तान्ह्या बाळासह निघाली. दुसऱ्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. डोरोथीचं मन त्यानंतर ढासळलं ते सावरलं नाही. 1807 मध्ये ती गेली, तोवर कॅरीचं भाषांतराचं काम त्याच घरात चाललेलं होतं. तिच्या आजाराचा सगळा दोष कॅरीवर टाकता येणार नाही. तापाचा प्रदेश, गरिबी, मुलाचा मृत्यू, त्या काळचं वैद्यक, सगळंच तिच्या विरुद्ध होतं. पण मला त्या गोष्टीत संमतीचा प्रश्न सतत दिसतो. ती ‘हो’ म्हणाली, पण कशी म्हणाली?

तुमच्या नवऱ्यालाही हे विचारा. त्याने सेमिनरीला होकार दिला होता, की नुसती हरकत घेतली नव्हती? आणि तेव्हा त्याला पुढचं किती माहीत होतं? दरवर्षी, नव्या सेमिस्टरची नोंदणी करायच्या आधी, हा प्रश्न पुन्हा विचारला पाहिजे. उत्तर ‘हो, पण’ असं आलं तर त्या ‘पण’पुढे काय आहे ते पूर्ण ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

पुढे येणाऱ्या एका गोष्टीची तयारी आत्ताच करून ठेवा. बहुधा दुसऱ्या वर्षी तुम्हाला रुग्णालयातलं पाळकीय प्रशिक्षण करावं लागेल. ही पद्धत अँटन बॉयसन यांनी 1925 मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात सुरू केली. ते स्वतः मानसिक आजारातून गेलेले पाळक होते, आणि पुस्तकांइतकीच जिवंत माणसंही वाचता आली पाहिजेत असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेत या प्रशिक्षणाचं एक युनिट किमान 400 तासांचं असतं. इतर ठिकाणी प्रमाण कमीजास्त होतं. मरणाऱ्या माणसाजवळ बसून तुम्ही घरी याल आणि पुन्हा गप्प व्हाल. तिथे मात्र ‘सगळं सांगा’ हा माझा सल्ला लागू नाही. रुग्णाचं नाव, आजार, त्याने सांगितलेलं, यातलं काहीही नवऱ्याला सांगायचा तुम्हाला अधिकार नाही. आपल्याला काय झालं ते मात्र सांगता येतं: “आज एका आईजवळ बसले होते, मला रडू आवरेना, अजून छाती भरून आलीय.” गुप्तता राखायची आणि अबोलाही धरायचा नाही, ही शिस्त पाळकाच्या घरात जन्मभर लागते. ती आत्तापासून, लहान गोष्टींवर शिकता येते. आणि नवऱ्याला हे आधी समजावून ठेवलंत, तर पुढे ‘सांगता येत नाही’ हे त्याला ‘तुला नाही कळणार’ असं ऐकू येणार नाही.

राहिली ती त्या रात्रीची प्रार्थना. आपल्याला जे वाटत नाही ते तोंडाने म्हणणं खोटेपणा होईल, या भीतीने तुम्ही गप्प राहिलात, असं मला वाटतं. ती भीती प्रामाणिक आहे. पण प्रार्थना करायची तर आपलेच शब्द हवेत असं कुठेय? स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि उपासनेत म्हटलं जातं. आज रात्री नवऱ्याला सांगा, “मला शब्द सुचत नाहीत, तू एक स्तोत्र वाच, मी ऐकते.” त्याच्या आवाजात ते ऐका. काही महिने तो तुमच्या दोघांसाठी वाचेल. पुढे कधी त्याच्यावर वेळ आली की तुम्ही वाचाल.

एवढं करूनही सेमिस्टर संपताना घर असंच मुकं असेल, तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. ती व्यक्ती सेमिनरीबाहेरची असावी. निदान तुम्हाला गुण देणारी, तुमच्या दीक्षेची शिफारस करणारी किंवा तुमच्या संप्रदायाला अहवाल पाठवणारी नसावी. आमच्यासारखे शिक्षक कितीही मायेने ऐकत असले तरी तुमचं मूल्यमापन आमच्याच हातात असतं, आणि ज्याच्या हातात निकाल आहे त्याच्यासमोर कुणीच पूर्ण खरं बोलत नाही. नवरा तर मुळीच बोलणार नाही. आपल्या एका वाक्याने बायकोचं नुकसान होईल या धास्तीने तो सगळं ठीक आहे म्हणेल. भेटीची वेळही त्याच्या कामाच्या सोयीने घ्या, चॅपेल आणि वर्गांमधल्या तुमच्या मोकळ्या तासात नको.